घरात बंद रुग्ण आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला

७ जानेवारी २०२२ ला एकट्या मुंबईत एका दिवसात २० हजारांहून जास्त नवे कोरोना रुग्ण सापडले. दुसऱ्या लाटेतही मुंबईने एवढा आकडा पाहिला नव्हता. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्रंदिवस ऐकू येणारे रुग्णवाहिकांचे भोंगे त्या वेळी तेवढे ऐकू आले नाहीत. ओमायक्रॉनचे बहुतेक रुग्ण घरीच होते. ताप, घसा, अंगदुखी, दोन-चार दिवस खोकला, आणि कित्येकांना तर काहीच त्रास नव्हता. अल्लाहचे आभारच मानायला हवेत. पण याचा दुसरा अर्थ असा की त्या लाटेचा भार दवाखान्यांवरून आपल्या घरांवर सरकला होता, आणि घरातला भार शेवटी जाऊन पडतो तो कोपऱ्यावरच्या मेडिकलवर.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. राज्य सरकारने जानेवारी २०२२ मध्ये १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा पुन्हा बंद ठेवायचा आदेश काढला होता, त्यामुळे आमचे वर्ग मोबाइलवर चालत होते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणिताचा गृहपाठ टाकला की खाली पालकांचे मेसेज यायचे, "सर, मुलाच्या अब्बांना ताप आहे, कोणती गोळी घ्यावी?" आम्ही काय सांगणार? "डॉक्टरांना फोन करा" एवढेच. पण दुसऱ्या दिवशी विचारले तर कळायचे की डॉक्टरांचा फोन लागलाच नाही, मेडिकलवाल्या भाईने काहीतरी दिले, आता बरे वाटते. दहापैकी सात-आठ घरांत हेच उत्तर. म्हणून या वेळी त्या मेडिकलवाल्याबद्दलच लिहायचे ठरवले.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जानेवारी २०२२ ला होम आयसोलेशनच्या नव्या सूचना काढल्या. सौम्य लक्षणे किंवा लक्षणेच नाहीत, ऑक्सिजन ९३ च्या वर आहे, अशा रुग्णाने घरीच राहायचे. पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस पूर्ण झाले आणि सलग ३ दिवस ताप नसेल तर आयसोलेशन संपले, पुन्हा टेस्टची गरज नाही. ६० वर्षांवरील आणि बीपी, शुगर, किडनीसारखे आजार असलेल्यांना मात्र डॉक्टरांनी नीट तपासूनच घरी राहण्याची परवानगी द्यायची. सूचनांत आणखी एक वाक्य होते, जे प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवावे असे आम्हाला वाटले. सौम्य आजारात स्टिरॉइड द्यायचे नाहीत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने औषधे, रक्ताच्या तपासण्या, सीटी स्कॅन करत सुटायचे नाही.

कागदावर हे सगळे छान होते. पण त्या ७ दिवसांत रुग्णाला बघायचे कोण? डॉक्टर फोनवर असायचे, तेही लागला तर. महापालिकेचा फोन एकदा यायचा, दोनदा यायचा. नातेवाईक दारातून सलाम करून जायचे. रोज, कधी दिवसातून दोनदा, त्या घराचा आवाज ज्याच्या कानावर पडायचा असा औषधातला जाणकार माणूस एकच उरायचा. ताप उतरला नाही हे त्याला कळायचे, कारण पॅरासिटामॉल पुन्हा मागवलेली असायची. खोकला वाढला हे त्याला कळायचे. घरातला दुसरा माणूसही आजारी पडला हे तर त्याला महापालिकेच्या आधी कळायचे. त्याच्याकडे एवढी माहिती यायची आणि आपण तिचा उपयोग फक्त बिल करण्यासाठी होऊ द्यायचो.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा आम्हा शिक्षकांनाही घरोघर पाठवले होते. हातात तापमान मोजायची गन, ऑक्सिमीटर आणि फॉर्म. आमच्याच मोहल्ल्यात, आमच्याच विद्यार्थ्यांच्या घरी, दार अर्धेच उघडायचे. "सगळे बरे आहेत मास्तर, अल्हम्दुलिल्लाह." आतून खोकल्याचा आवाज यायचा. लोकांना भीती होती की उचलून नेतील, दारावर पट्टी लावतील, पोरीचे ठरलेले लग्न मोडेल. संध्याकाळी आम्ही मेडिकलवर थांबलो की काउंटरमागून भाई नुसते हसायचे. कोणत्या घरात काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आम्हाला कधी नाव सांगितले नाही. त्या वेळी आम्हाला राग यायचा, आज तो येत नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी कायद्याचे थोडे. पुष्कळ जणांना आजही माहीत नाही की घरी बंद असलेल्या रुग्णाला औषध पोहोचवण्याची सोय सरकारने लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात करून दिली होती. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले. डॉक्टर फोनवर तपासून औषध लिहून देऊ शकतात, आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो रुग्णाला मोबाइलवर पाठवू शकतात. लगेच २६ मार्चला केंद्राने अधिसूचना काढली की लायसन्स असलेला मेडिकल दुकानदार ईमेलने आलेल्या चिठ्ठीवर औषध घरपोच देऊ शकतो. अटी साध्या होत्या. दुकान आणि रुग्ण एकाच जिल्ह्यात हवेत. शुगर-बीपीसारख्या जुन्या आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आतली हवी. नशा आणणारी आणि कडक नियंत्रणातली औषधे यातून वगळली होती.

म्हणजे रस्ता होता. पण त्या रस्त्यावर चालायचे पैसे कोणी दिले नाहीत. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये सरकारी आरोग्य सेवेने ठरवले की ज्यांना घराबाहेर पडणे धोक्याचे आहे त्यांच्याकडे औषध पोहोचले पाहिजे, आणि ती जबाबदारी फार्मसींवर टाकताना त्याचा मोबदलाही ठरवून दिला. आपल्याकडे मेडिकलवाल्याचा भाचा स्वतःच्या स्कूटरवर, स्वतःच्या पेट्रोलवर फिरला. दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, तो पिशवी ठेवायचा, पैसे कधी गूगल पेवर, कधी पाकिटात, कधी "पुढच्या महिन्यात". लस देताना आम्हालाही आघाडीवर धरा, अशी केमिस्ट संघटनांची मागणी होती. ज्या काउंटरवर रोज शंभर खोकणारी माणसे उभी राहतात त्याला आघाडी नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

पण पिशवी पोहोचवणे हे कामाचे अर्धे अंगसुद्धा नाही. आमच्या घरातले सांगतो.

२०२१ मध्ये १४ एप्रिलला रमजान सुरू झाला. तिसऱ्या रोज्याला अब्बा पॉझिटिव्ह आले. वय ७१, शुगर, बीपी. डॉक्टरांनी फोनवर औषधे सांगितली, चिठ्ठीचा फोटो आला, आम्ही तो मेडिकलवाल्या भाईंना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन. त्यांनी आधी दर सांगितला नाही, प्रश्न विचारले. अब्बा शुगरची कोणती गोळी घेतात? रोजा ठेवत आहेत का? घरात सर्दीची आधीपासून आणलेली गोळी आहे का? आम्ही डबा उघडला. सर्दीच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिप्स निघाल्या. भाईंनी नावे ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, या दोन्हीत पॅरासिटामॉल आहे. डॉक्टरांनी लिहिलेली तिसरी. तिन्ही मिळून दिवसाचा डोस कुठे जाईल? त्या दोन बाजूला ठेवा." बीएड झालेला माणूस त्या डब्यासमोर निरक्षर होता. मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये, यकृताला धोका होतो. यकृत आधीच कमजोर असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते मिसळलेले असतेच. जानेवारी २०२२ मध्ये सोशल मीडियावर डोलो ६५० वर विनोदांचा पूर आला होता, हसायला हरकत नाही, पण घरात आणखी कोणत्या गोळीत तेच औषध आहे हे बघून हसावे.

रोज्याचा प्रश्न त्याहून नाजूक होता. अब्बा ऐकायला तयार नव्हते. चाळीस वर्षांत एक रोजा सुटला नाही म्हणत होते. भाईंनी स्पीकरवर त्यांच्याशी बोलून पाहिले. आजाऱ्याला सवलत कुराणातच दिली आहे, हे आमच्यापेक्षा अब्बांना जास्त माहीत होते. पण भाई त्या वादात शिरलेच नाहीत. त्यांनी विचारले, "चाचा, शुगरची गोळी सेहरीला घेणार की इफ्तारला? ताप आला, जेवण गेले नाही, तर दुपारी शुगर एकदम खाली जाईल, तेव्हा कोणाला बोलावणार? डॉक्टरसाहेबांना विचारल्याशिवाय मी ही गोळी देणार नाही." अब्बांनी रोजा सोडला. नंतर कजा केला. आम्ही मुलांनी तास-तास समजावून जे झाले नाही ते औषधाच्या वेळेच्या एका प्रश्नाने झाले.

ऑक्सिमीटरही त्यांनीच शिकवले. आम्ही बोट घातले की लगेच दिसणारा आकडा लिहीत होतो. पाच मिनिटे शांत बसा, हात गरम असू द्या, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरे बोट घ्या. बोटाऐवजी पेन घातला तरी आकडा दाखवणाऱ्या नकली ऑक्सिमीटरचे व्हिडिओ त्या दिवसांत फिरत होते, म्हणून घेतलेले यंत्र आधी घरातल्या निरोगी माणसावर बघायचे. मग ६ मिनिटे खोलीतच चालायचे आणि पुन्हा बघायचे, चालल्यावर ३ पेक्षा जास्त घसरण झाली किंवा दम लागला तर थांबायचे नाही. सहाव्या दिवशी रात्री भाईंचा फोन आला, "आज चालून बघितले का?" आम्ही विसरलो होतो. बसून ९५ होते. चालल्यावर ९१. त्या रात्रीच सरकारी दवाखान्यात नेले, पाच दिवस ऑक्सिजनवर होते, घरी परत आले. तो फोन सकाळी आला असता तर काय झाले असते याचा आम्ही विचार करत नाही.

आता दुसरे घर. आमच्याच गल्लीतले, नाव सांगत नाही. त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी 'कोरोना पॅकेज' नावाची औषधांची यादी पाठवली होती, कोणत्या तरी डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो, रुग्ण भलताच, तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. त्यात अँटिबायोटिक होते, जंतावरचे औषध होते आणि स्टिरॉइडही होते. आमच्या भाईंनी ती यादी परत केली. दुसऱ्या एका दुकानाने सगळे दिले, वर डिस्काउंटही दिला. घरातले कर्ते पुरुष, शुगर आहे हे माहीत असून, ऑक्सिजन ९७ असताना बारा दिवस स्टिरॉइड घेत राहिले. बरेही वाटले, कारण स्टिरॉइडने ताप उतरतो, भूक लागते. पुढे गाल सुजला, डोळा दुखू लागला. काळी बुरशी, म्युकरमायकोसिस. जीव वाचला, डोळा गेला.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. स्वस्त, जुने, सगळीकडे मिळणारे औषध. पण त्याच चाचणीत दिसले की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा काही फायदा नाही. मोबाइलवर पहिले अर्धे पसरले आणि दुसरे अर्धे राहून गेले. घरी बसलेला रुग्ण म्हणजे व्याख्येनेच ऑक्सिजन न लागणारा रुग्ण. त्याच्या हातात स्टिरॉइड पडू न देणे हे काम काउंटरवरच होऊ शकत होते, दुसरीकडे कुठे नाही.

हे जुने उगाळत नाही. जानेवारी २०२२ मध्ये तोच पेपर नव्या नावाने आला. मोलनुपिराविर नावाच्या गोळीला २८ डिसेंबर २०२१ ला आपत्कालीन मर्यादित वापराची परवानगी मिळाली. एका कंपनीची कॅप्सूल तेव्हा ३५ रुपयांना होती, पाच दिवसांत ४० कॅप्सूल, म्हणजे १,४०० रुपयांचा कोर्स. दुकानांत आली, मागणीही सुरू झाली. परवानगी फक्त मोठ्या माणसांसाठी आणि आजार बळावण्याचा धोका असलेल्यांसाठी होती. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी ५ जानेवारी २०२२ ला जाहीरपणे सांगितले की या औषधाच्या सुरक्षिततेबद्दल मोठे प्रश्न आहेत, पोटातल्या बाळाला धोका होऊ शकतो, आणि म्हणून ते राष्ट्रीय उपचार सूचीत घेतलेले नाही. आता विचार करा. घरात तरुण सून आजारी आहे, दीर मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "ती नवीन कोरोनाची गोळी द्या." ती गरोदर आहे का, हा प्रश्न कोण विचारणार? दीर सांगणार नाही, कदाचित त्याला माहीतही नसेल. चिठ्ठी न बघता, फोन न करता जो दुकानदार हे औषध देईल त्याने काय केले हे त्यालाही कळणार नाही.

इथे आमच्या एका विद्यार्थिनीचा उल्लेख करतो. दहावी आमच्याकडे, मग डी. फार्म. आता दुसऱ्या मोहल्ल्यातल्या मेडिकलवर दुपारची पाळी करते. तिने सांगितले की बायका आधी विचारतात, "बाजी कधी बसणार?" पाळी चुकली आहे, दूध पाजते आहे, घरात मारहाण होते आहे, हे त्या पुरुषाला सांगत नाहीत. मार्च २०२० मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर एक युक्ती सुरू झाली. घरात छळ होत असलेल्या बाईने फार्मसीत जाऊन 'मास्क १९' मागायचा, समोरचा समजतो आणि मदत बोलावतो. लगेच फ्रान्सनेही फार्मसीतून मदत मागण्याची तशीच सोय केली. लॉकडाऊनमध्ये बाईला घराबाहेर पडायला एकच कारण उरले होते, औषध. आपल्याकडे या दिशेने कोणी बोललेच नाही. मोहल्ल्यातल्या किती मुली आज फार्मसी शिकत आहेत! लग्न झाले की सर्टिफिकेट कपाटात जाते, ही मात्र आपली घरातली गोष्ट.

आता त्या अर्ध्या उघड्या दाराकडे परत येतो.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने केमिस्टांना सांगितले की कोरोनाची घरी करायची टेस्ट किट विकत घेणाऱ्याची नोंद ठेवा आणि ती कळवा. कारण समजण्यासारखे होते. मे २०२१ मध्ये पुण्याच्या कंपनीच्या २५० रुपयांच्या किटला परवानगी मिळाली तेव्हा रिझल्ट अॅपवर टाकणे अपेक्षित होते, पण लोक टेस्ट करायचे, दोन रेघा दिसल्या की किट कचऱ्यात टाकायचे. खरे आकडे कळत नव्हते. महापालिकेची अडचण खोटी नव्हती.

पण लोक या नोंदीकडे कसे बघतील? एप्रिल २०२० आठवा. तेलंगण, आंध्र प्रदेश यांसारख्या राज्यांनी तेव्हा मेडिकलवाल्यांना ताप-खोकल्याची औषधे घेणाऱ्यांची नावे आणि नंबर लिहून ठेवायला सांगितले होते. त्याच दिवसांत तबलिगी जमातीच्या निमित्ताने टीव्हीवर काय चालले होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भाजीवाल्याला नाव विचारले जात होते. त्या वातावरणात तापाची गोळी घेताना नाव लिहून द्यायचे म्हणजे काय वाटत असेल? माणूस गोळीच घेणार नाही. किंवा लांबच्या दुकानातून, दुसऱ्याचे नाव सांगून घेईल. मग ज्या एका माणसाला खरे कळत होते त्यालाही कळायचे बंद. आमच्या भाईंनी तेव्हा आम्हाला नावे का सांगितली नाहीत, ते आता समजते. त्यांनी नावे सांगितली असती तर सहाव्या दिवसाचा तो फोन अब्बांना कधी आलाच नसता, कारण आम्हीच त्यांना काही सांगितले नसते.

याचा अर्थ नोंद नकोच असा नाही. टीबीचे उदाहरण घ्या. टीबीची औषधे २०१४ पासून अशा यादीत आहेत की मेडिकलवाल्याने रुग्ण आणि डॉक्टरांचे नाव रजिस्टरमध्ये लिहायचेच. २०१८ पासून टीबीचा रुग्ण सरकारला कळवणे केमिस्टांनाही बंधनकारक झाले. पण त्याच वर्षापासून नोंद झालेल्या रुग्णाला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये सुरू झाले. ती रक्कम तुटपुंजी होती, वेळेवर मिळायचीच असेही नाही, तरी रुग्णाला नोंदीत काही मिळण्याची आशा असायची. किटच्या नोंदीत त्याला काय मिळते? फोन येईल, पण तो "कसे आहात" म्हणून येईल की "घराबाहेर पडलात का" म्हणून? आमचे म्हणणे सरळ आहे. नोंद घ्या, पण तिच्यासोबत ऑक्सिमीटर द्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन द्या, रोजंदारीवाल्याला सात दिवसांचे रेशन द्या. नुसती यादी मागाल तर मेडिकलवाला खबरी होईल आणि लोक त्याला टाळतील.

टीबीवरून आणखी एक. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. आजार कमी झाला नव्हता, लोक घरात बंद होते. कोरोनाने आयसोलेट झालेल्या माणसाची बाकीची औषधेही चालू असतात, टीबीची, शुगरची, फिटची. घरपोच पिशवीत फक्त कोरोनाची औषधे गेली आणि बाकीची संपली, असे होऊ नये. चांगला मेडिकलवाला म्हणतो, "तुमची बीपीची गोळी परवा संपते, तीही टाकतो."

काढ्याचेही तसेच. मालेगावात २०२० च्या एप्रिलमध्ये साथ भडकली, मोहल्ल्यातले खासगी दवाखाने बंद पडले, लोकांना मेडिकल आणि काढा एवढेच उरले होते. मन्सुऱ्याच्या युनानी कॉलेजचा काढा तिथून राज्यभर गेला. त्याची टिंगल करणारे मेडिकलवाले आम्ही पाहिले आहेत. टिंगल केली की लोक लपवून पितात. विचारायला हवे की घरच्या काढ्यात काय काय घालता? जेष्ठमध रोज भरपूर पोटात गेला तर बीपी वाढू शकतो, हे बीपीच्या रुग्णाला काउंटरवरच कळले पाहिजे.

सगळे मेडिकलवाले आमच्या भाईंसारखे नाहीत हे आम्ही लिहिले नाही तरी वाचक म्हणतीलच. कायद्याने काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध द्यायचे असते. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस गावाला. औषध देणारा पोरगा दहावी नापास, पण हुशार, डबे ओळखतो. तो "१-०-१" लिहून देईल, पण म्हातारीला ते वाचता येते का हे विचारणार नाही. एका दुकानात आम्ही कागदी पाकिटावर सूर्य आणि चांदोबा काढलेला पाहिला, खाली उर्दूत सुबह, शाम. त्याला किती वेळ लागला असेल, दहा सेकंद? ऑक्सिमीटरच्या नफ्यावर सरकारने ७० टक्क्यांची मर्यादा घातली ती जुलै २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर. एप्रिलमध्ये कोणी किती कमावले हे प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे आणि ज्यांनी कमावले नाही त्यांचीही नावे मोहल्ल्याला माहीत आहेत.

आणि आपण? आपण मेडिकलवर जाऊन "ताकदीची गोळी द्या", "स्ट्राँग द्या" म्हणतो. त्याने नाही म्हटले की समोरच्या दुकानात जातो, वर चार जणांना सांगतो की हा फार शहाणपणा करतो. नाही म्हणणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते, हे त्याच्यासाठी छोटे नुकसान नाही. उधारी तीन-तीन महिने थकवतो. आणि सरकारी सूचनेत रुग्णासाठी हवेशीर स्वतंत्र खोली लिहिली होती, पण ज्या घरात एकच खोली आणि आठ माणसे आहेत तिथे काय करायचे हे सूचना सांगत नव्हती. त्या घराला मेडिकलवाला खोली देऊ शकत नाही. ते काम मोहल्ल्याचे आहे. पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीत २०२० मध्ये क्वारंटाइनची सोय झाली होती. तसा एखादा हॉल, एखादा मदरसा उघडता येतो.

आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांशी त्या लाटेत एका जुम्याला बोललो. बैतुलमालमधून दहा ऑक्सिमीटर घ्यायचे, ते मेडिकलवर ठेवायचे, अनामत न घेता सात दिवसांसाठी द्यायचे. दोन निवृत्त शिक्षक आणि आमची ती विद्यार्थिनी मिळून संध्याकाळी फोन करतील, पण नावांची वही मेडिकलवाल्या भाईंकडेच राहील, कमिटीकडेसुद्धा नाही. कमिटीतल्या दोघांना हे पटले नाही, हिशेब कसा ठेवायचा म्हणाले. भाईंचे म्हणणे, नावे मागणार असाल तर ऑक्सिमीटरही तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या जुम्यानंतर पुन्हा बसायचे ठरले. तोपर्यंत भाईंच्या वहीत अकरा घरे होती, आणि रात्री नऊनंतर दुकानाचे अर्धे शटर खाली करून ते एकेकाला फोन लावायचे.